चांदणीचा हिशेब

आमचे गाव आंबागड, तुमसर तालुक्यातले. वर डोंगरावर किल्ला आहे. गोंडराजा बख्त बुलंद शाहचा सुभेदार राजा खान पठाण याने तो 1700 च्या सुमारास बांधला. खाली गावात आमचा कोठा. कोठा म्हटले तरी त्यात गाई दोनच.

2009 साली पाऊस देशभरच रुसला. आमचे धान बुडाले, म्हणजे तणसही बुडाली. ढेप परवडेना. त्या वर्षी चांदणी दुसऱ्या वेताला व्याली आणि दिवसाला चार लिटरवर अडली. अब्बा म्हणाले, "खाते तेवढं देत नाही." अम्मी म्हणाली, "तिच्या पुढ्यात काय टाकलं, तेही मोजा."

आम्ही तेव्हा नुकतेच संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो. वही काढली, केंद्रावर दूध घालणाऱ्या घरांत विचारत फिरलो आणि सरासरी काढली: सहा लिटर. चांदणी दोन लिटरने कमी. निकाल लागला. आई तशी लेक, म्हणून तिची कालवडही सोबत दिली. अब्बांनी आमच्या वहीवर भरवसा ठेवला. कसूर वहीचा नव्हता, आमचा होता.

पुढच्या वेताला शेजारच्या गावी चांदणी सात लिटर देत होती. ते आम्ही डोळ्यांनी पाहिले.

त्यानंतर एम.एस्सी.ला असताना चार्ल्स हेंडरसन यांची समीकरणे शिकलो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या या माणसाने ती 1950 च्या सुमारास मांडली. गाईचे दूध म्हणजे बरीच कर्जे एकत्र झालेला आकडा आहे: रक्ताचे, चाऱ्याचे, ऋतूचे, वेताचे, आजाराचे. ज्याचे त्याच्या खात्यावर टाकायचे, एवढाच त्या समीकरणांचा उद्योग. एकाच परिस्थितीतल्या गाईंच्या दुधात जो फरक दिसतो, त्यातला साधारण पाव हिस्सा रक्ताचा असतो. म्हणजे चांदणीच्या दोन लिटरच्या तुटीपैकी अर्धा लिटर तिच्या रक्ताचा धरायचा. त्यातला निम्माच लेकीकडे जातो. पाव लिटर! पाव लिटरसाठी आम्ही कालवड घराबाहेर काढली होती. आणि आमच्या उपाशी कोठ्याची तुलना भरल्या कोठ्यांशी केल्यामुळे तो पाव लिटरही खरा नव्हता.

वळूचे तर विचारूच नका. तो स्वतः दूध देत नाही, त्याची परीक्षा लेकींवरून. त्याच पाव हिश्शाच्या हिशेबाने पाच लेकींवर त्याचा भरवसा पंचवीस टक्के, पंधरा लेकींवर पन्नास, पंच्याऐंशी लेकींवर पंच्याऐंशी. लेकी निरनिराळ्या कोठ्यांत हव्यात, नाहीतर एकाच मालकाची ढेप वळूच्या नावावर जमा होते. आपल्याकडे कोठ्यात दोन गाई. तुलना करायची कुणाशी? म्हणून गाव, साल आणि हंगाम यांचे गट पाडावे लागतात.

ऑक्टोबर 2024 मध्ये वाशीमला 'गौचिप' जाहीर झाली. कालवड व्यायची वाट न पाहता तिच्या जनुकांवरून अंदाज बांधण्याची ही सोय. चांगलीच गोष्ट आहे. पण त्या अंदाजाला पाया लागतो हजारो गाईंच्या मोजलेल्या दुधाचा, आणि ते मोजणार कुणीतरी कोठ्यात उकिडवा बसूनच.

आता कोठा पुतण्या पाहतो. दोन कालवडींपैकी कोणती ठेवू, असे त्याने विचारले. 2015 च्या कायद्यानंतर जनावर विकून मोकळे होणे सोपे राहिलेले नाही. आपल्यासारख्या नावाच्या माणसाला तर ते घेऊन रस्त्याने निघायचेही भय वाटते. ठेवली ती ठेवलीच. म्हणून चूक आता अधिक महाग आहे.

घाई करू नकोस, म्हटले. दोघींच्या आयांचे दूध तो महिन्यातून एकदा मोजतो आणि कानातल्या पिवळ्या बिल्ल्याच्या बारा आकड्यांसह फोनवर कळवतो. परवा आम्ही विचारले, "तणस किती टाकलीस?"

"चाचा, तेही मोजायचं?"

फोनवर मागून अम्मीचा आवाज आला, "आता विचारतोय!"