पंढरपूरचा डबा

इंदूरच्या आमच्या जुन्या घरी स्वयंपाकघरातल्या फडताळात पत्र्याचे पाच डबे ओळीने मांडलेले असत. पगाराच्या दिवशी आई त्यांत नोटा वाटून ठेवी. घरभाडे, किराणा, दूध, शाळेची फी, आणि पाचवा डबा पंढरपूरचा. आषाढीला जाण्याची तिची इच्छा लग्नापासूनची. पण त्या डब्यात फार थोडे पडत.

1979 साली वडिलांचा पगार दोन महिने अडकला. आईने गल्लीतल्या एका सावकाराकडून दोनशे रुपये घेतले, दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने. पंढरपूरच्या डब्यात त्या वेळी अडीचशे रुपये नुसते पडून होते! आम्ही तेव्हा बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. नव्या विद्येच्या तोऱ्यात आम्ही तिला हिशेब मांडून दाखवला : रुपया म्हणजे रुपया, त्याला नाव नसते, तो डबा उघडलास तर महिन्याचे चार रुपये वाचतील. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "अरे, सावकार दर महिन्याला दारात उभा राहतो, म्हणून त्याचे फिटतात. विठोबा कुठे मागायला येतो?"

हा अडाणीपणा, असे आम्ही कित्येक वर्षे समजत होतो. पुढे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांच्या 1985 सालच्या निबंधाविषयी वाचले. माणसे मनातल्या मनात पैशांची निरनिराळी खाती ठेवतात, आणि एका खात्यातला रुपया दुसऱ्यात सहसा जाऊ देत नाहीत. (बोनसाचा रुपया सढळ हाताने सुटतो, पगाराचा सुटत नाही, हे कोणत्या घरी ठाऊक नाही?) हिशेबाने ही चूकच, पण मोहाला आवर घालते तीही हीच. थेलर यांना 2017 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. दरमहाचे ते चार रुपये म्हणजे आईने आपल्या डब्याच्या राखणीची दिलेली मजुरी होती.

आम्हांस हे फार आधी उमगायला हवे होते. कारण त्याच वर्षी कॉलेजच्या सहलीसाठी आम्ही त्या डब्यातून गुपचूप पंचवीस रुपये काढले होते. शिकवणीचे पैसे हाती येताच परत घालायचे, असा अगदी प्रामाणिक निश्चय होता. शिकवणीचे पैसे आले, गेले. मागायला कोणीच आले नाही.

1983च्या आषाढीला आई निघाली. डबा उघडून तिने नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, एकवार आमच्याकडे पाहिले, आणि किराण्याच्या डब्यातून पंचवीस रुपये काढून त्यात घातले.