रेघ

प्रयोगशाळेच्या खिडकीत पेल्यावर कांदा ठेवलेला असायचा, बूड पाण्याला टेकलेलं. तीन-चार दिवसांत पांढरी मुळं खाली उतरत. टोक कापायचं, कार्मिनच्या थेंबात स्पिरिटच्या दिव्यावर जरासं शेकायचं, टिपकागदावरून अंगठ्यानं दाबायचं; मग भिंगाखाली लालसर चौकटी उजळत, एकीत गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी, दुसरीत दोन टोकांना पांगलेली, तिसरीत नुकती उमटू लागलेली पुसट भिंत.

ती तिथंच का, हे कधी विचारलं नाही. परीक्षेला नव्हतं.

पुढे कधीतरी वाचलं, 1966 साली पिकेट-हीप्स आणि नॉर्थकोट यांना गव्हाच्या पेशींत, विभाजनाच्या आधीच, आतून कडेनं वेढा घालून बसलेला सूक्ष्मनलिकांचा पट्टा दिसला होता. एकेक नलिका जेमतेम 25 नॅनोमीटर जाड, आमच्या भिंगाला कुठली दिसायला! कमरेला करगोटा बांधावा तसा तो पेशीला बांधला जातो, आणि केंद्रकाचं आवरण विरण्याच्या सुमाराला सुटूनही जातो. मग तर्कुतंतूंच्या ओढीनं गुणसूत्रं दुभंगतात, मधोमध भिंत धरू लागते, कडेकडे पसरत जाते आणि जिथं तो पट्टा होता नेमकी तिथंच जाऊन टेकते.

होता. आता नाही.

वाचता वाचता आमची ओटी आठवली. वाटणी ठरली त्या उन्हाळ्यात गवंड्यानं गेरूत भिजवलेली दोरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणली, चिमटीनं उचलली, सोडली. सारवलेल्या जमिनीवर तांबडी रेघ. दोरी गुंडाळून त्यानं खिशात टाकली. चिरे यायला दिवाळी उजाडली. तोवर आम्ही पोरं इकडचं जेवण तिकडे करत होतो, आणि आजी दर आठवड्याला सारवत होती.

रेघ बुजली.

वनस्पतीच्या पेशीला शेजार बदलता येत नाही, एकदा पडली ती भिंत जन्माची. म्हणूनच की काय, पट्टा गेल्यावरही तिथं कुणीतरी जागा धरून बसलेलं असतं. त्यातल्या एका प्रथिनाचं नाव टँगल्ड, म्हणजे गुंतलेलं. मक्यात त्याचं जनुक बिघडलं की भिंती वाकड्यातिकड्या पडतात.

चिरे उतरले त्या सकाळी गवंडी ओटीवर उकिडवा बसून शोधत राहिला. "आजी, रेघ खंय गेली?"

आजी तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून उठली, दोन पावलं चालली, आणि खाली न बघता पायाचा अंगठा टेकवला.