वाढत्या अंगाची सायकल

गोव्यात वाढलेल्या माणसाला सायकल म्हटलं की आधी पोदेर आठवतो. पोंपों वाजवत, मागे पावांची टोपली बांधून तो यायचा आणि सायकलवरून न उतरताच एक पाय आमच्या दारातल्या पायरीवर टेकवून पाव मोजून द्यायचा. त्या टेकवलेल्या पायाकडे मी तेव्हा कधी नीट पाहिलं नव्हतं. ते पाहिलं फार उशिरा, आणि तेही गोव्यापासून लांब, बिदरजवळच्या कोळारमध्ये.

माझी धाकटी बहीण तिथे दिलेली. दाजी (आमच्याकडचे भावजी तिकडे दाजी होतात) तिथल्याच औद्योगिक वसाहतीत कामाला. एका रात्री तिचा फोन आला. "दादा, पोरगी सायकलवरून पडली. डावा हात मोडला." भाची नऊ वर्षांची. भरधाव वगैरे काही नव्हती. दारासमोर येऊन थांबायला गेली, पाय जमिनीला पोचला नाही आणि सायकलसकट डावीकडे कलंडली. पडताना माणूस हात पुढे करतोच. अंगाचा सगळा भार मनगटावर आला.

मुलांचं हाड कोवळं असतं. ओली काठी वाकवली की ती तुटत नाही, एका बाजूने चिरते आणि दुसऱ्या बाजूला नुसती वाकते. तसंच झालं होतं. सहा आठवडे प्लास्टर. ते निघाल्यावर हात काडीसारखा बारीक झालेला आणि मनगट ताठ. डॉक्टरांनी मऊ चेंडू दाबायला सांगितला. तो चेंडू दोन दिवसांत पलंगाखाली गेला. मग तिच्या आजीने तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि ज्वारीचं पीठ मळायला बसवलं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, ते तळहाताने रगडून रगडूनच एकजीव करावं लागतं. महिन्याभरात हाताला बळ आलं आणि वेड्यावाकड्या का होईना, भाकऱ्याही जमू लागल्या.

डॉक्टरांनी सायकल चालवायला परवानगी दिली त्या आठवड्यात मी तिकडे गेलो. २०१७ साली बिदर-कलबुरगी रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून आम्हा लांबच्यांना जरा सोयीचं झालं आहे. घरात मात्र वातावरण तंग होतं. बहीण म्हणत होती, सायकल नकोच आता. दाजी काहीच बोलत नव्हते. जुनी सायकल त्यांनी भिंतीकडे तोंड करून उभी केली होती. रात्री अंगणात आम्ही दोघेच असताना म्हणाले, "मीच आणली होती हो ती. म्हटलं, सातवी-आठवीपर्यंत चालेल."

ती चोवीस इंची चाकांची होती. नऊ वर्षांच्या, त्यातही अंगाने लहानखुऱ्या मुलीला ती मोठीच. पण दाजींना काय बोलणार? आपण सगळे असेच वाढलो. गणवेश वाढत्या अंगाचा, चपला एक नंबर मोठ्या, पुढे कापूस घालून बूट. माझ्या लहानपणी घरात वडिलांची काळी ॲटलास होती. तिच्या मधल्या दांड्याखालून पाय घालून, कमरेत वाकडे होऊन आम्ही ती चालवायला शिकलो. मुलाच्या मापाची सायकल असते, हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. कपडा मोठा असला तर तो फार तर ढगळ दिसतो, आणि सायकल मोठी असली तर मूल पडतं. हा फरक आपण काटकसरीच्या हिशेबात धरत नाही.

दुसऱ्या दिवशी बिदरला एका जुन्या दुकानात गेलो. आधी आम्ही दोघेच. दुकानदार दाजींना म्हणाले, "लेकराचं वय नका सांगू साहेब, लेकराला घेऊन या." परत फिरलो आणि भाचीला घेऊन आलो.

ती सरळ एका लाल, चोवीस इंची सायकलीपाशी जाऊन उभी राहिली. आम्हाला वाटत होतं की पोरगी घाबरली असेल. तिची भीती वेगळीच होती. "मामा, विशीची तर लहान पोरं चालवतात. सगळे हसतील." आता नऊ वर्षांच्या माणसाला अब्रू नसते असं थोडंच आहे?

दुकानदारांनी वाद घातला नाही. लाल सायकल बाहेर काढली, धरली आणि तिला बसवलं. "पाय टेकव." बोटांची टोकं कशीबशी पोचली. "आता डावा ब्रेक दाब." आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढच्या चाकाचा ब्रेक असतो आणि डाव्या हाताला मागच्या चाकाचा. डावा हात कमी पडला तर मूल नुसता उजवा करकचून दाबतं, पुढचं चाक जागीच अडतं आणि मागून सायकल उचलते. तिने दाबून पाहिलं. बोटं दांडीपर्यंत पोचली, पण दांडी हलली अर्धीच. तिने आमच्याकडे पाहिलं नाही, खाली पाहिलं.

मग वीस इंची आली, निळी. सीट खाली घेतल्यावर दोन्ही तळवे पुरते जमिनीवर. मधला दांडा आणि अंग यांत चार बोटं जागा. हँडल धरलं तर कोपर किंचित वाकलेलं. ब्रेकच्या दांडीला एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून दुकानदारांनी दांडी बोटांजवळ आणली. तिने दाबली, मागचं चाक जागच्या जागी थांबलं. पुन्हा दाबली. पाच-सहा वेळा दाबली असेल. हे ज्वारीच्या पिठाचं बळ, असं आजी पुढे कितीतरी दिवस सांगत होत्या.

"हीच," ती म्हणाली. मग दुकानदारांशी दखनीत घंटीसाठी घासाघीस केली, त्यांच्या पोऱ्याला कानडीत हवा भरायला सांगितली आणि मराठीत मला म्हणाली, "मामा, मी उंच झाले की लाल घ्यायची." एवढ्यात तिचा विषय मिटला होता.

घरी आल्यावर दाजींनी पान्याने दोन्ही पायडल काढून ठेवली. (डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, बरं का! मी आधी ते आवळतच बसलो होतो.) बाजूला छोटी चाकं लावली तर सायकल कलत नाही, आणि तोल तर कलण्यातच शिकायचा असतो. म्हणून चार दिवस नुसतं पायाने ढकलायचं, थांबायचं, पाय टेकायचे. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइसने पहिली दुचाकी केली तिलाही पायडल नव्हतंच, माणसं ती पायानेच ढकलत. हे भाचीला सांगितलं तेव्हा तिला आपण काही लहान पोरांचं करत नाही याचा फार दिलासा वाटला.

पाचव्या दिवशी पायडल बसवली. डोक्याला हेल्मेट, भुवईच्या दोन बोटं वर. बहीण दारात उभी होती, हातातलं काम तसंच. पोरगी गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळली आणि आली. नेमकी दारासमोर, जिथे पडली होती तिथेच, तिने ब्रेक दाबला आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. बहीण काही न बोलता आत गेली.

दाजींनी मोठी सायकल विकली नाही. गोणपाटात गुंडाळून माळ्यावर चढवली. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने एक रेघ मारून ठेवली आहे. भाचीचं डोकं तिथे पोचलं की ती खाली उतरवायची. परवाच फोनवर विचारलं, तर म्हणाली, "अजून तीन बोटं."