वाट वाकडी करावी

गांधीबागेत पहाटे साडेतीनच्या सुमाराला एखाद्या गाडीचे दिवे लागतात. कापडबाजाराची शटरं खाली असतात, हातगाड्या दुकानांसमोर साखळीने बांधलेल्या असतात, आणि त्या शांततेतून एखादं कुटुंब पेंचच्या जंगलाला निघालेलं असतं. सफारी उजाडताच सुरू होते, त्याआधी सिल्लारीच्या गेटवर पोचायचं म्हणून सगळी घाई. मेयो हॉस्पिटल, रामझुला, इंदोरा, ऑटोमोटिव्ह चौक, कामठी, कन्हान, मनसर अशी गावं आणि चौक काळोखात मागे पडत जातात. मागच्या सीटवर मुलं पेंगत असतात. त्यांचे डोळे उघडतात ते थेट जिप्सीत, आणि परतताना सगळ्यांकडे एकच प्रश्न उरतो, वाघ दिसला का?

या प्रवासातला निम्मा ऐवज असा अंधारात हरवतो. गांधीबाग ते सिल्लारी अंतर साधारण ७० किलोमीटर. सफारीच्या आदल्या दिवशी सकाळी निघावं, या सत्तर किलोमीटरना पुरा दिवस द्यावा, ठिकठिकाणी उतरावं आणि रात्री जंगलाच्या काठावर मुक्काम करावा, असं मी भेटेल त्याला सांगत असतो. हा सल्ला माझा नाही. याच रस्त्यावरच्या एका टेकडीवरून तो फार पूर्वी देऊन झालेला आहे.

कालिदासाचा यक्ष रामगिरीवर शिक्षा भोगत होता. महिने सरले होते, घरी अलकानगरीत पत्नी झुरत होती, निरोप पोचवण्याची त्याच्याइतकी घाई कोणाला असणार? तरी तो मेघाला सरळ जा म्हणत नाही. दमलास की डोंगरमाथ्यावर टेक, हलका झालास की नदीचं पाणी पी, असं सांगतो. उज्जयिनी तर रस्त्यात नाही. तरी वाट वाकडी कर, पण ती नगरी पाहून जा, असा त्याचा आग्रह. ज्याला सर्वांत जास्त निकड, त्यानेच थांब्यांची एवढी लांब यादी द्यावी! मेघदूत मला म्हणूनच प्रवासाचं सगळ्यात शहाणं पुस्तक वाटतं. आणि तो मेघ रामगिरीवरून उत्तरेला निघतो. आपला रस्ताही उत्तरेलाच जातो.

पहिला थांबा कन्हानचा पूल. कामठीची छावणी इंग्रजांनी १८२१ मध्ये वसवली ती या नदीच्या काठी. गावात १९९९ साली उभं राहिलेलं ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार आहे. तिथली शांतता घेऊन मग पुलापाशी यावं आणि नदीकडे पाहावं. इथून थोडं वर, बीना संगमावर, पेंच नदी कन्हानला येऊन मिळते. म्हणजे ज्या जंगलाकडे आपण निघालो, त्याचंच पाणी इथे आपल्याला सामोरं येतं. पुढे हे पाणी वैनगंगेत जातं. किपलिंगच्या मोगलीची नदी ती हीच वैनगंगा. त्याने ‘जंगल बुक’ १८९४ मध्ये छापलं, या भागात पाऊल न टाकता. स्टर्नडेलच्या सिवनीवरच्या पुस्तकासारखं दुसऱ्यांचं लेखन वाचून. आपण तर या पाण्याच्या काठी राहतो. आपण पुलावरची काच तरी खाली करावी.

मनसरला जमीन रंग बदलते. इथे मँगनीज निघतं. पोलादाला कणखरपणा देणारं हे खनिज नागपूर जिल्ह्यातून शतकाहून अधिक काळ बाहेर जात आहे. याच मनसरच्या टेकड्यांवर उत्खननात विटांची प्रचंड बांधकामं उघडी झाली. पाचव्या शतकातला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन, त्याचं प्रवरेश्वराचं देवालय इथे होतं, असं अभ्यासक मानतात. इथे मिळालेली शिवाची अप्रतिम मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हिडिंबा टेकडीवर चढून त्या विटांच्या रांगांमध्ये नुसतं उभं राहिलं, तरी दीड हजार वर्षांपूर्वी हा प्रदेश राजधानीचा होता, हे समजावून सांगावं लागत नाही.

इथून महामार्ग सोडून उजवीकडे वळलं की रामटेक. हीच आपली उज्जयिनी, वाट वाकडी करायला लावणारी. अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्या चढाव्यात. गडमंदिराला नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी वैभव दिलं, पण त्याच्या वाटेवर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन लहान, जाड भिंतींची मंदिरं आहेत, ती वाकाटकांच्या काळातली. बहुतेक भाविक घाईने वर जातात. इथे मात्र बसावं. नरसिंहाची ती भव्य, बैठी मूर्ती दाराएवढ्या उजेडात हळूहळू दिसू लागते. रामटेक म्हणजेच कालिदासाचा रामगिरी, हे मत नागपूरच्या वा. वि. मिराशींनी आयुष्यभराच्या अभ्यासातून मांडलं. त्यासाठी त्यांनी ज्या पुराव्यांचा आधार घेतला, त्यांत एका राणीचा ताम्रपट आहे.

ती राणी प्रभावतीगुप्ता. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची सून. पती रुद्रसेन लवकर गेला, मुलं लहान होती, आणि राज्य तिने चालवलं. रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपाशी बसून दिलेलं तिचं दान ताम्रपटात कोरलेलं आहे. रामटेकच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर नगरधन आहे, वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच. तिथल्या अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. अक्षरांसोबत शंख उमटलेला. पतीच्या घराण्याचं राज्य आणि मोहोर तिच्या नावाची. आपल्या मुलींना नगरधनच्या तटावर उभं करून ही गोष्ट सांगायला हवी.

रामटेकात विड्याचं पान घ्यावं. इथले बरई पिढ्यान्‌पिढ्या पानमळे राखत आले आहेत. सावली आणि ओल जपणारं हे फार नाजूक पीक. गडाच्या पायथ्याशी पान लावून देताना एक दुकानदार मला म्हणाला होता, ‘‘जंगलात जाऊन राहिले का भाऊ? मग आज घाई कायची? वाघ उद्याही तिथंच हाये.’’ यक्षाचंच गाव ते. माणसं तसंच बोलणार.

परत महामार्गावर आलं की मनसर ते खवासा या टप्प्यात साग दाट होत जातो, आणि मग रस्ता खांबांवर चढतो. वेगात जाणाऱ्याला हा साधा उड्डाणपूल वाटतो. पण हा पूल वरच्या गाड्यांइतकाच खालच्या जनावरांसाठी बांधलेला आहे. महामार्ग चौपदरी करताना जंगल दुभंगणार होतं. वन्यजीवप्रेमी वर्षानुवर्षं झगडले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं, आणि अखेर जनावरांना खालून जाता येईल अशी नऊ बांधकामं झाली. सर्वांत लांब ७५० मीटर. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले, तेव्हा १८ प्रजातींचे प्राणी खालून ये-जा करताना दिसले. त्यांत ११ वेगवेगळे वाघ होते. कॅनडातल्या बॅन्फ उद्यानात अशी कामं आधीच झाली होती, तिकडचे फोटो आपण कौतुकाने पाहतो. आपल्या घरापासून दोन तासांच्या आत हे उभं आहे. पुलावर थांबायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. पण वेग कमी करून मुलांना एवढं सांगावं की आत्ता आपल्या खालून चितळांचा कळप जात असेल, आणि त्याची वाट राखायला माणसं भांडली आहेत.

पवनीजवळ महामार्ग सोडून डावीकडे वळलं की सिल्लारी. कुलूची पांढरी खोडं, मोह, तेंदू, पळस. या राष्ट्रीय उद्यानाची घोषणा १९७५ ची, व्याघ्र प्रकल्प १९९९ चा. त्याच्या पोटातच तोतलाडोहचं धरण आहे. ते बांधताना जंगलाचा मधला, नदीकाठचा उत्तम भाग पाण्याखाली गेला. तिथलं पाणी वीज करून पुढे नवेगाव खैरीच्या जलाशयात येतं आणि तिथून नागपूरला. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा हाच. रामगिरीवरून उत्तरेला निघालेला आषाढातला ढग या डोंगरांवर रिता होतो, साग आणि बांबूच्या मुळांतून झिरपतो, आणि आपल्या माठात येतो. जंगलाने हे पाणी देताना स्वतःचा काठ दिला आहे. हे ऋण माहीत असलेला माणूस गेटमधून आत शिरताना तिकीट काढलेला प्रेक्षक राहत नाही.

शेवटचा थांबा रात्रीचा. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलले गेले. उजेड जमिनीकडे वळवला, आकाश मोकळं सोडलं. वाघोलीच्या तलावाकाठी चांदणं पाहताना या गावांचे उपकार मानावेत. रात्री दारात वाघ येऊ शकतो अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसांनी उजेड आवरता घेतला आहे. शहराने त्यांच्याकडून पाणी घेतलं, लाकूड घेतलं, मँगनीज घेतलं, आता आकाशही पाहायला येतं. बदल्यात निदान एवढं तरी द्यावं: मुक्काम त्यांच्या गावात करावा, जेवण त्यांच्या चुलीवरचं घ्यावं, वाटाड्या त्यांच्यातला असावा, आणि पुढच्या वेळी या जंगलातून रस्ता किंवा कालवा काढायची भाषा होईल तेव्हा नागपूरकराने ती आपल्या घरची बाब समजून बोलावं. ज्याने हा रस्ता थांबत थांबत पाहिला, त्याला ते बोलणं जड जाणार नाही.