शाई पोटात गेली तर

चि. सोनूस,


बाळाने बॉलपेन चावून रिफिल फोडली, जीभ-ओठ निळे झाले, म्हटल्यावर तुझ्या पोटात धस्स होणारच. पण सासूबाई मीठपाणी पाजू म्हणाल्या तेव्हा तू ठाम राहिलीस, हे फार बरं केलंस. त्याबद्दलच सविस्तर लिहिते.

एका रिफिलीत शाई असते अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. त्यातली पोटात जाते ती किंचितच. तेवढ्याने विषबाधा होत नाही. ओल्या फडक्याने तोंड आतून पुसायचं, हात धुवायचे, दोन घोट पाणी किंवा दूध द्यायचं. जिभेवरचा रंग हळूहळू जातो. शी रंगीत झाली तरी घाबरू नकोस.

खरा अपाय होतो तो उलटी काढण्याच्या धडपडीत. घशात बोट घातलं तर उलटी श्वासात जाऊन फुफ्फुसात शिरू शकते. मीठपाण्याने लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम वाढून झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो.

मात्र पेनाचं टोपण आणि मागचं बूच जागेवर आहे का, ते आधी बघायचं. ते श्वासनलिकेत अडकू शकतं. म्हणूनच बऱ्याच टोपणांना टोकाशी भोक ठेवतात, अडकलं तरी थोडी हवा जात राहावी म्हणून. ओठांचा निळेपणा शाईचा की श्वास कोंडल्याचा, अशी शंका आली तर पायाची नखं बघ. तीही निळसर दिसली, श्वास घरघरला किंवा मूल मलूल झालं, तर क्षणभरही न थांबता १०८ ला फोन करायचा.

सगळ्या शाया एकसारख्या नसतात. प्रिंटरच्या आणि मार्करच्या शाईत ग्लायकॉल किंवा अल्कोहोल असू शकतं, आणि बाटलीच तोंडाला लावली तर प्रमाणही वाढतं. १९६२ पासून निवडणुकीत बोटाला लावतात त्या शाईत तर सिल्व्हर नायट्रेट असतं. ती ओली असताना तोंडात गेली तर आतून पोळते. अशा वेळी बाटली हातात घेऊन, लेबल वाचत दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राला फोन करायचा: १८०० ११६ ११७. मुलाचं वय, वजन आणि अंदाजे किती शाई गेली, तेही सांगायचं. हा क्रमांक आजच फ्रिजवर चिकटव.

हे पत्र सासूबाईंनाही वाचून दाखव. त्यांनी सुचवलं ते नातवाच्या काळजीपोटीच. कारण कळलं, तर पुढच्या वेळी मीठपाण्याला नको म्हणणाऱ्या पहिल्या त्याच असतील.

तुझी,
मावशी