जिंतूरच्या डोंगरउतारावरील सीताफळे

परभणी जिल्हा म्हटले की गोदाकाठची काळीभोर जमीन, ज्वारीची शिवारे आणि कापसाचे मळे डोळ्यांसमोर येतात. जिल्ह्याचा उत्तर भाग मात्र वेगळा आहे. परभणीहून झरी, बोरी मार्गे सुमारे ४५ किलोमीटरवरील जिंतूरकडे जाताना काळी माती हळूहळू मागे पडते, मुरूम दिसू लागतो आणि अजिंठ्याच्या रांगेचे लहान लहान डोंगर पुढे येतात. नेमगिरीच्या प्राचीन गुंफामंदिरांमुळे हा परिसर अनेकांना परिचित आहे. परंतु शरद ऋतूत या डोंगरउतारांवर पिकणाऱ्या सीताफळांसाठी मुद्दाम येणारे थोडेच असतात.

आश्विनातील एका रविवारी परभणीचे एक कुटुंब अशाच एका बागेत गेले. आजी-आजोबा, पुण्याहून आलेले मुलगा-सून, सात वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू. नातीची मूळ मागणी सफरचंदाच्या बागेची होती. पुस्तकातील चित्रात मुले टोपल्या घेऊन लाल फळे तोडत होती आणि तिलाही तेच करायचे होते. आजोबांनी तिला समजावले, की सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात दीर्घ झोप लागते. पारंपरिक जातींना सुमारे ७ अंशांखालील थंडीचे हजारभर तास मिळाले, तरच झाड वसंतात नीट फुलते. हिमाचल प्रदेशातील हरिमान शर्मा या शेतकऱ्याने उष्ण हवेत फळणारी ‘एचआरएमएन-९९’ ही जात शोधली आहे आणि महाराष्ट्रातही तिचे प्रयोग झाले आहेत. तरीही आपल्याकडील आश्विनाचे खरे फळ सीताफळच.

बाग पाच-सहा एकरांची होती. नात धावत जाऊन सर्वांत मोठ्या फळाला हात घालणार, तोच बागवान मामांनी थांबवले. “बाई, मोठं फळ तयार असतंच असं नाही. आधी त्याचे डोळे उघडलेत का ते बघ.” सीताफळाच्या सालीवरील खवल्यांना शेतकरी डोळे म्हणतात. फळ तयार होऊ लागले की हे डोळे एकमेकांपासून दूर सरकतात आणि मधल्या फटी पिवळसर-पांढऱ्या दिसू लागतात. डोळे मिटलेले फळ तोडले तर ते काळे पडते, पण गोड होत नाही. अर्ध्या तासात नातीला ही परीक्षा जमली. नातवाला एक पिकलेले फळ दिसले. त्याचा अर्धा भाग पक्ष्यांनी खाल्ला होता. तो हिरमुसला, तेव्हा मामा म्हणाले, “तो बुलबुलाचा वाटा. त्याला राहू दे.”

आजोबांनी मात्र दुसरी चौकशी सुरू केली. बाग फळधारणेच्या वेळीच गुत्त्याने दिलेली होती. व्यापारी झाडे नजरेने जोखून एकरकमी सौदा करतो; पुढचा पाऊस, कीड आणि भाव ही त्याची जोखीम, आणि नफा झाला तर तोही त्याचाच. घरासाठी व पाखरांसाठी सहा झाडे तेवढी मामांनी सौद्याबाहेर ठेवली होती. ऐन फळतोडणीत सोयाबीनची काढणी येते, मजूर मिळत नाहीत, म्हणून मुलगा बाग मोडून तेथे दुसरे पीक घ्यावे असे म्हणत होता.

या अडचणीचे मूळ फळाच्या स्वभावातच आहे. सफरचंद शीतगृहात महिनोन् महिने टिकते आणि हजारो मैल प्रवास करून मुलांच्या डब्यात पोहोचते. सीताफळ तोडल्यावर तीन-चार दिवसांत मऊ होते. फार थंडीत ठेवले तर साल काळवंडते. म्हणून शेतकऱ्याला भावासाठी थांबता येत नाही. गर काढून गोठवणे हा एक मार्ग आहे; बासुंदी आणि आइस्क्रीमसाठी त्याला मागणीही असते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र अंबाजोगाईला आहे. ‘धारूर-६’ ही जात या विद्यापीठाचीच. शेजारच्या बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही लहान बागवानापाशी शेवटी तीन दिवसांचीच मुदत उरते. सफरचंद मुलांकडे येते. सीताफळाकडे मात्र मुलांनाच जावे लागते.

“पुढच्या वर्षी बाग असेल ना?” नातीने विचारले. मामांनी लगेच उत्तर दिले नाही. मग म्हणाले, “ही सहा झाडं तरी राहतील, बाई. बाकीचं पोराच्या हाती.”

झाडाखाली सतरंजी अंथरून सर्वांनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गोड फळे खाल्ली. आजीने बिया मोजून एका फडक्यात बांधल्या. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांना अपायकारक असते, म्हणून मुलांना त्या फोडू द्यायच्या नाहीत, हा तिचा कटाक्ष. घरी नेण्याची फळे मऊ गवताच्या थरांवर टोपलीत रचली. त्यानंतर तीन दिवस नात रोज सकाळी प्रत्येक फळ हलकेच दाबून पाहत होती. दुकानातून आणलेल्या फळासाठी इतकी वाट पाहण्याची वेळ तिच्यावर पूर्वी आली नव्हती.

मुलांना घेऊन जायचे असेल तर साधारण सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंतचा काळ योग्य. सकाळी लवकर निघावे, म्हणजे दिवस मावळण्याआधी परतता येते. बाग गुत्त्याने दिलेली असेल तर व्यापाऱ्याचीही परवानगी घ्यावी, फांदी ओढून फळ तोडू नये, आणि घरची फळे बागेतच, बागवानाच्या हाती पैसे देऊन घ्यावीत. फळाचा भाव करताना त्याची तीन दिवसांची मुदत लक्षात ठेवावी.