किल्ली अर्धी फिरवून

पासिंगच्या आधी गाडी तपासायला आली की मी लगेच बॉनेट उघडत नाही. चालकाच्या सीटवर बसतो, किल्ली अर्धी फिरवतो आणि इंजिन सुरू न करता डॅशबोर्डकडे बघत राहतो. ऑइलचा लाल दिवा, बॅटरीचा लाल, हँडब्रेकचा लाल, एबीएसचा पिवळा, एअरबॅगचा आणि इंजिनच्या चित्राचा तो पिवळा चेक लाइट, हे सगळे त्या क्षणी लागले पाहिजेत. इंजिन सुरू झालं की आपापल्या वेळेने गेले पाहिजेत. शेजारी उभ्या असलेल्या मालकाला वाटतं, कुठला दिवा जात नाही ते मी बघतोय. मी आधी बघतो तो कुठला दिवा लागतच नाही. जळत राहिलेला दिवा निदान काहीतरी सांगत असतो. जो लागतच नाही, त्याचं तोंड बहुतेक वेळा कुणीतरी बंद केलेलं असतं.

तोंड बंद करायच्या तऱ्हा पुष्कळ. मीटर खोलून बल्ब काढायचा, मागून काळी टेप चिकटवायची, तार कापायची. यातली सगळ्यात चलाख तऱ्हा म्हणजे एअरबॅगच्या दिव्याची तार ऑइलच्या दिव्याला जोडून देणं. मग किल्ली फिरवली की दोन्ही लागतात, इंजिन सुरू झालं की दोन्ही जातात आणि बघणाऱ्याचं समाधान होतं. ती पकडायची तर दिवे जाण्याची वेळ बघावी. ऑइलचा दिवा इंजिनात दाब तयार झाला की जातो. एअरबॅगचा दिवा आपली तपासणी आपण करतो आणि काही सेकंदांनी, स्वतःच्या हिशोबाने जातो. दोघे एकाच टिचकीसरशी गेले तर मीटर खोलायचं.

बॅटरीच्या दिव्याची गोष्ट आणखी मजेची. जुन्या गाड्यांमध्ये हा दिवा नुसता सूचना देणारा नसायचा. अल्टरनेटर फिरायला लागल्यावर त्याच्या कॉइलला सुरुवातीचा थोडा करंट लागतो, तो याच बल्बमधून जायचा. बल्ब उडाला किंवा कुणी काढला तर अल्टरनेटर चांगला असूनही चार्जिंग सुरूच व्हायचं नाही, किंवा इंजिन खूप रेस केल्यावर व्हायचं. अशा गाड्यांना नव्या बॅटऱ्या घातल्या गेल्या, अल्टरनेटर भरून आणले गेले आणि शेवटी लागला तो एक बल्ब. गॅरेजमध्ये नव्याने आलेल्या पोरांना मी हे सर्किट पहिल्यांदा शिकवतो. दिवा गाडीच्या बाहेरचा नाही, तो गाडीचाच भाग आहे, हे एकदा हाताला कळलं की टेप लावायला हात उचलत नाही.

माझं गॅरेज हडपसरच्या पुढे, सासवड रस्त्याला. मुंबई उच्च न्यायालयाने ब्रेक तपासणीसाठी २५० मीटरचा ट्रॅक हवाच असं बजावल्यापासून पुण्यातल्या पिवळ्या पाटीच्या गाड्या पासिंगसाठी घाट चढून दिवे गावच्या ट्रॅकवर जाऊ लागल्या, आणि आमचा रस्ता पासिंगवाल्यांचा झाला. नव्या टॅक्सीला पहिली दोन वर्षं फिटनेस असतं. मग गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी ते नव्याने घ्यावं लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ६२ व्या नियमात काय तपासायचं त्याची यादी आहे: हेडलाइटचा झोत, बाकीचे दिवे, रिफ्लेक्टर, आरसे, काचा, हॉर्न, सायलेन्सर, वायपर, धूर, ब्रेक, स्पीडोमीटर, स्टिअरिंग. डॅशबोर्डवरची उपकरणं हीसुद्धा त्या यादीत आहेत. पण डॅशबोर्ड सुस्थितीत आहे याचा अर्थ तिथे पिवळा दिवा जळत नाही असा घ्यायचा, की जळायचा तेव्हा जळतो असा, हे त्या तीन शब्दांवरून कळत नाही. बहुतेक मालक पहिला अर्थ घेतात. म्हणून पासिंगच्या आदल्या संध्याकाळी माझ्याकडे ठरलेलं वाक्य येतं: “भाऊ, उद्या पासिंग आहे, तेवढा दिवा घालवा की.”

दिवा घालवणं सोपं आहे. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात स्कॅनर लावायचा, कोड वाचायचा, 'इरेज' दाबायचं. चहा यायच्या आत काम होतं. डिप्टी येणार म्हणून शाळेचा वर्ग सारवून घ्यावा तसं डॅशबोर्ड लख्ख होतं. पण इरेज केल्यावर नुसता दिवा जात नाही. गाडीचा कॉम्प्युटर आपल्या तपासण्यांचे निकालही पुसून टाकतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालतो का, ऑक्सिजन सेन्सर वेळेत उत्तर देतात का, कुठला सिलिंडर मिसिंग मारतो का, अशा परीक्षा तो गाडी चालता चालता घेत असतो. पुसल्यानंतर यातल्या बऱ्याच परीक्षांपुढे 'अपूर्ण' असं दिसू लागतं. गाडी थंड असताना सुरू होऊन गरम झाली, थोडी आयडलवर राहिली, एका वेगाने काही वेळ पळाली, मग ॲक्सिलरेटर सोडून सावकाश थांबली, की त्या परीक्षा एकेक करून पुन्हा पूर्ण होतात. दोष तसाच असेल तर बहुतेक दोषांत लागोपाठ दोन फेऱ्यांमध्ये तो दिसल्यावर दिवा परत लागतो. म्हणजे आज संध्याकाळी घालवलेला दिवा उद्या ट्रॅकवर लागत नाही. परवा फुरसुंगीच्या फाट्यावर लागतो.

याच्या उलटही खरं आहे, आणि ते फार थोड्या लोकांना माहीत असतं. दोष खरोखर दूर झाला तर लागोपाठ तीन फेऱ्या दोष न दिसल्यावर कॉम्प्युटर दिवा स्वतःहून बंद करतो, आणि इंजिन चाळीसेक वेळा गरम होऊन गेल्यावर तो कोडही आठवणीतून काढून टाकतो. त्यामुळे हाताशी वेळ असेल तर मी इरेजचं बटण दाबत नाही. दुरुस्ती करतो, गाडी चालवायला लावतो आणि दिव्याला आपणहून जाऊ देतो. माझ्या दुरुस्तीवर माझ्यापेक्षा कडक तपासनीस बसलेला आहे. त्याची सही घेतल्याशिवाय काम झालं म्हणणं मला पटत नाही.

ज्याला 'उद्याच पासिंग' असतं त्याचं काय? परवाचीच गाडी घ्या. सीएनजीवरची टॅक्सी, चेक लाइट लागलेला, कोड पी-०१७१. याचा अर्थ मिश्रण लीन आहे, हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय. कोड एवढंच सांगतो. कुठला पार्ट बदला हे तो सांगत नाही, आणि इथेच लोकांची फसगत होते. हल्ली मोबाइलला जोडायचा स्वस्त ब्लूटूथ डोंगल मिळतो. माणसं कोड आणि नेटवरचं उत्तर असं दोन्ही घेऊनच येतात, “सेन्सर बदला.” सेन्सर बिचारा खरं बोलतोय, म्हणून त्यालाच काढायचा!

मी आधी गाडी पेट्रोलवर घेतो, म्हणजे गॅसच्या किटचा दोष वेगळा पडतो. मग स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघतो. मिश्रण सावरायला कॉम्प्युटर किती टक्के जादा इंधन सोडतोय, ते या आकड्यात दिसतं. आयडलला तो वीसच्या वर आणि अडीच हजार आरपीएमला जवळपास शून्यावर येत असेल, तर कुठूनतरी चोरून हवा आत शिरतेय. आयडलला इंजिनात येणारी हवाच थोडी असते, त्यात ही चोरीची हवा फार दिसते. रेस वाढवली की ती एकूण हवेत बुडून जाते. याच्या उलट, आयडलला आकडा ठीक आणि जोर दिल्यावर चढत जात असेल, तर पंप थकलाय किंवा फिल्टर चोंदलाय, मागणी वाढली की इंधन पुरत नाही. हे बघायला माझ्याइतकी चांगली जागा कुठल्या गॅरेजला नसेल. स्कॅनर लावून एका पोराला शेजारी बसवायचं आणि वडकीपासून घाट चढायचा. माउलींची पालखी जिथे जादा बैलजोड्या लावून चढते, तिथे पंपाचा जोर लगेच कळतो. सरकारी तपासणी वर ट्रॅकवर होते. माझी घाटातच उरकलेली असते.

त्या टॅक्सीचा आकडा आयडलला चढलेला होता. म्हणून कार्ब्युरेटर क्लीनरचा बारीक फवारा मॅनिफोल्डच्या आसपास, एकेका जोडावर मारत गेलो. ब्रेक बूस्टरकडे जाणाऱ्या रबरी पाइपाच्या वळणावर फवारा पडला आणि इंजिनाचा आवाज बदलला. वळणाच्या आतल्या बाजूला चीर होती, बोटाला लागली तरी डोळ्यांना दिसत नव्हती. आता लक्षात घ्या, हा ब्रेकच्या बूस्टरचा पाइप आहे. तो वाटेत पुरता फाटला असता तर घाट उतरताना ब्रेक पेडल दगडासारखं कडक झालं असतं. पिवळा दिवा धुराच्या नावाने लागला होता, पण बोट दाखवत होता ब्रेककडे. पाइप बदलला, ट्रिम खाली आलेला बघितला आणि मगच इरेज केलं. दुसऱ्या दिवसाची अडचण असेल तर एवढी सवलत मी देतो. क्रम उलटा करत नाही.

पीयूसीचंही असंच. बीएस-४ पासून पुढच्या पेट्रोल गाडीला आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. चांगली गाडीही थंड असताना नापास होऊ शकते, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण अडीचशे-तीनशे अंशांना तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणून गाडी चांगली चालवून, गरम असतानाच नळी लावावी. ही लबाडी नव्हे, तपासणीची रीतच आहे. लबाडी असायची ती कार्ब्युरेटरच्या काळात. पीयूसीपुरता स्क्रू आवळून मिश्रण लीन करायचं, कागद हातात आला की पुन्हा होतं तिथे. सायलेन्सरला लावलेल्या नळीला त्या दोन मिनिटांपुरतंच कळतं. चेक लाइटला मागच्या आठवड्याचंही आठवत असतं. पूर्वीचा स्क्रू गेला आणि आता सीएनजी किटबरोबर एम्युलेटर आले. गॅसवर असताना ते कॉम्प्युटरला ऑक्सिजन सेन्सरची खोटी, गोड उत्तरं देतात. दिवा लागत नाही, मालक खूष, आणि आत कन्व्हर्टर हळूहळू जळत असतो.

या दिव्याचा जन्म कॅलिफोर्नियातला. तिथे १९८८ पासून नव्या गाड्यांना स्वतःचे दोष ओळखण्याची सोय सक्तीची झाली, आणि १९९६ पासून अमेरिकेत सगळ्या कंपन्यांना एकच सॉकेट आणि एकच कोडभाषा आली. म्हणूनच माझ्या एका स्कॅनरवर कुठल्याही कंपनीची गाडी बोलते. आपल्याकडे ही व्यवस्था बीएस-४ बरोबर, २०१० नंतर आली. अमेरिकेत ज्या राज्यांत धुराची तपासणी आहे, तिथे तपासनीस सॉकेटमधून त्या अपूर्ण परीक्षाही मोजतो. एकापेक्षा जास्त अपूर्ण असतील तर २००१ किंवा त्यानंतरची पेट्रोल गाडी परत पाठवतो. घाईघाईने पुसून आणलेली पाटी तिथे चालत नाही. इंग्लंडमध्ये तीन वर्षांच्या पुढच्या गाडीला दर वर्षी एमओटी नावाची तपासणी द्यावी लागते. जुलै २००३ नंतरच्या पेट्रोल आणि जुलै २००८ नंतरच्या डिझेल गाडीचा इंजिनचा दिवा जळत असेल तर ती नापास. किल्ली फिरवल्यावर तो लागलाच नाही, तरीही नापास. हा दुसरा निकष मला फार आवडतो.

आपल्याकडच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीचा मामला याहून अवघड आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. तेवढ्या काळात पीयूसी सोडली तर कुणीही अधिकृतपणे तिच्याकडे बघत नाही. फिटनेसची वेळ येते ती पंधरा वर्षांनी, नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घेताना. म्हणजे घरच्या गाडीला मधल्या सगळ्या काळात एकच तपासनीस आहे आणि तो रोज सकाळी किल्लीबरोबर येतो. तरी याच गाड्यांमध्ये दिवा वर्षानुवर्षं जळत असतो. “चालतेय की व्यवस्थित,” असं म्हणत काका ती देवदर्शनाला जेजुरीला नेतात.

अशांना मी एवढंच सांगतो. लाल दिवा लागला की गाडी बाजूला घ्या, ऑइलचा असेल तर इंजिन तिथेच बंद करा, घर किती जवळ आहे ते बघू नका. पिवळा स्थिर जळत असेल तर सावकाश चालवत या, पण या. पिवळा लुकलुकत असेल तर जोर देऊ नका. सिलिंडर मिसिंग मारतोय, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय, आणि कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, हे किंमत विचारल्यावर कळेलच. बीएस-६ डिझेलचा फिल्टरचा दिवा लागला तर घाबरू नका. साठलेली काजळी जाळायला गाडीला मोकळा रस्ता हवाय. सोलापूर हायवेला वीसेक मिनिटं एका वेगाने चालवा आणि मध्येच बंद करू नका. पावसाळ्यात एकाच वेळी चार दिवे लागले तर आधी बॉनेटखाली उंदीर शोधा.

माझ्या बिलात दोन ओळी असतात, शोधण्याचे पैसे आणि पार्टचे पैसे. त्या टॅक्सीवाल्याने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. “पाइप केवढ्याचा आणि शोधायचे एवढे?” मी त्याला पाइपात सूट दिली. पहिली ओळ तशीच ठेवली.